आठ टेराबाइटची दुसरी खतावणी

परवा रात्री तुझा फोन आला. "मावशी, आठ टेराबाइटच्या पोस्टग्रेस डेटाबेसची रेप्लिका उभी करायची आहे, आणि टीममधले सगळे म्हणताहेत की दोन कमांडचं काम आहे." त्यांचं बरोबर आहे. पन्नास जीबीचा डेटाबेस असता तर मीही तेच म्हटलं असतं. चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. आठ टेराबाइटलाही त्याच दोन कमांड लागतात, फक्त पहिली आणि दुसरी यांच्या मध्ये अख्खा दिवस जातो. जे बिघडतं ते त्या दिवसात बिघडतं. कमांड तुला कुठेही मिळतील. मी त्या मधल्या दिवसाबद्दल सांगते. फोनवर घाईत अर्धंच बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या आजोबांचं साताऱ्याचं दुकान तुला अंधुक आठवत असेल. गादीशेजारी दोन वह्या असत, कीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की आधी तो कीर्दीत जायचा, ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान. तिथे नोंद सवडीने, रात्री दुकान आवरताना चढायची. पोस्टग्रेस नेमकं हेच करतो. प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे आपण ज्याला नुसतं वॉल म्हणतो त्यात, लिहिला जातो. टेबलांची आठ-आठ केबीची पानं नंतर सवडीने डिस्कवर जातात. वॉल ही कीर्द आणि टेबलं ही खतावणी. रेप्लिका करायची म्हणजे दुसऱ्या गावी दुसरी खतावणी ठेवायची. आधी सगळी पानं उतरवून घ्यायची, मग कीर्दीच्या नव्या नोंदी येतील तशा तिच्यावर चढवत राहायच्या.

आता अडचण बघ. पानं उतरवायला वीस तास लागतात आणि तेवढा वेळ दुकान काही बंद नसतं. पहिलं पान उतरवलं तेव्हाची वेळ वेगळी, शेवटचं उतरवलं तेव्हाची वेगळी. त्यामुळे उतरवलेली प्रत जशीच्या तशी उघडली तर ती कुठल्याही एका क्षणाचं खरं चित्र नसते. तिला खरेपणा येतो तो त्या वीस तासांतली कीर्द तिच्यावर चढवल्यावर. त्या कीर्दीतलं एक पान हरवलं तर आठ टेराबाइट वाया गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे एवढं मनात पक्कं धर. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

तर पहिलं काम गणिताचं. शाळेतलं काळ-काम-वेग आठव. तुमच्या दोन सर्व्हरांमध्ये एक गिगाबिटची लाइन आहे म्हणालीस. कागदावर ती सेकंदाला १२५ एमबी देते. हाती ११० आले तरी समाधान मान. आठ टेराबाइट म्हणजे ८० लाख एमबी. भागाकार कर, ७२-७३ हजार सेकंद येतात, म्हणजे वीस तास. हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा कीर्दीचा: प्रायमरीवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, तासाला किती वॉल तयार होतो? हा अंदाजाने घेऊ नकोस. आत्ताचा एलएसएन, म्हणजे वॉलमधली चालू जागा, लिहून ठेव, चोवीस तासांनी परत बघ आणि वजाबाकी कर. तू वीस जीबी म्हणालीस. वीस तासांचे ४०० जीबी झाले. वॉलची एक फाइल १६ एमबीची, तेव्हा सुमारे २५ हजार फायली कुठेतरी सुखरूप राहायला हव्यात. कुठे राहणार, हे काम सुरू करण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. आणि महिनाअखेरीला व्याजाचे, बिलांचे मोठे बॅच चालत असतील तर त्या दिवसांचा आकडा वेगळा काढ. सरासरीने आजवर मला अनेकदा फसवलं आहे.

तिसरा आकडा फार थोडे लोक काढतात, आणि मोठ्या डेटाबेसमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. हौदाला एक नळ भरतो आणि एक रिकामा करतो, ते उदाहरण आठवतं ना? प्रत उतरली तेव्हा रेप्लिका ४०० जीबी मागे आहे. ती वॉल चढवू लागली, पण प्रायमरी तासाला वीस जीबी नवा वॉल ओततेच आहे. रेप्लिकेने तासाला साठ जीबी चढवले तर तूट तासाला चाळीसने कमी होते, दहा तासांत बरोबरी होते. पंचवीसच चढवले तर तूट पाचाने कमी होते आणि ऐंशी तास लागतात. वीस चढवले तर ती कधीच गाठू शकणार नाही. इथे एक गोष्ट विसरू नकोस: प्रायमरीवर शेकडो कनेक्शनं एकाच वेळी लिहीत असतात, पण स्टँडबायवर, म्हणजे रेप्लिकेवर, वॉल चढवणारी प्रक्रिया एकच असते. आवृत्ती १५ पासून पुढे लागणारी पानं आधीच वाचून ठेवायची सोय आली आहे, तिने बराच फरक पडतो. तरी हात एकच. म्हणून "रेप्लिकाच तर आहे, जुन्या डिस्क लावा" असं कुणी म्हणालं तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेव. मी हे भांडण दोनदा हरले आहे आणि दोन्ही वेळा सहा महिन्यांच्या आत त्याच लोकांनी नव्या डिस्क मागवल्या.

आता कीर्द सांभाळायची कशी, त्याकडे ये. प्रायमरीला वॉलच्या जुन्या फायली स्वतःसाठी नको असतात. चेकपॉइंट झाला, म्हणजे बदललेली पानं डिस्कवर उतरली, की ती त्या पुन्हा वापरायला घेते. रेप्लिका येऊन मागेल तेव्हा फाइल गेलेली असली तर एकच ओळ दिसते: रिक्वेस्टेड वॉल सेगमेंट हॅज ऑलरेडी बीन रिमूव्ह्ड. रात्री तीन वाजता ही ओळ वाचलेल्या माणसाला ती आयुष्यभर लक्षात राहते. हे टाळायला तीन वाटा आहेत. एक, वॉल-कीप-साइज वाढवून ठरावीक जीबी मागे ठेवायला सांगायचं. लहान कामाला ही चालते. तुझ्यासाठी नाही, कारण ठरवलेला आकडा चुकला की संपलं. दुसरी, रेप्लिकेशन स्लॉट. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून तो आहे. स्लॉट म्हणजे प्रायमरीकडून घेतलेलं वचन: हा गिऱ्हाईक येईपर्यंत कीर्दीचं पान फाडणार नाही. तिसरी, आर्काइव्ह. प्रत्येक फाइल पुरी झाली की तिची प्रत तिसऱ्याच ठिकाणी ठेवायची.

स्लॉटचं वचन पोस्टग्रेस अक्षरशः पाळतो, आणि धोका तिथेच आहे. एका ठिकाणी आम्ही चाचणीसाठी रेप्लिका उभी केली होती. काम झालं, शुक्रवारी संध्याकाळी ते मशीन बंद करून परत दिलं. स्लॉट काढायचा राहिला. प्रायमरी त्या न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वॉल साठवत राहिली. रविवारी दुपारी वॉलची डिस्क शंभर टक्के भरली आणि प्रायमरी स्वतःच बंद पडली. रेप्लिका नसती तर जे झालं नसतं ते रेप्लिकेमुळे झालं. २०२० च्या आवृत्ती १३ पासून मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइज ही मर्यादा मिळते. तिची मूळ किंमत उणे एक, म्हणजे अमर्याद आहे. ती कुणीतरी हाताने बदलावी लागते. तू ती बदल. डिस्कवर मोकळ्या असलेल्या जागेच्या निम्म्यावर ठेव आणि निष्क्रिय स्लॉट दिसला की फोन वाजेल असा अलार्म लाव.

मर्यादा ओलांडली की स्लॉट रद्द होतो, मग रेप्लिकेचं काय? त्यासाठीच आर्काइव्ह. माझा आग्रह असा आहे की एक टेराबाइटच्या वर आर्काइव्हशिवाय रेप्लिकेला हातच लावू नये. स्टँडबायला रिस्टोर-कमांड दिलेली असली की प्रायमरीकडे न मिळालेली फाइल ती आर्काइव्हमधून घेते आणि पुढे चालते. तुटलेली लाइन, भरलेली डिस्क, दोन दिवस बंद राहिलेलं मशीन, या सगळ्यांतून मला आर्काइव्हनेच बाहेर काढलं आहे.

पण तो आर्काइव्ह खरा आहे का, हे तपास. पोस्टग्रेस फक्त एवढंच बघतो की तुझ्या आर्काइव्ह-कमांडने शून्य परत दिलं की नाही. शून्य आलं की तो मोकळा, फाइल पुन्हा वापरायला घेतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची आणि शेवटच्या ओळीत लॉगमध्ये "झालं" असं लिहायचं. स्क्रिप्टचं उत्तर म्हणजे शेवटच्या ओळीचं उत्तर, आणि लॉगमध्ये लिहिणं तर नेहमीच यशस्वी होतं. नेटवर्क अकरा दिवस तुटलेलं होतं आणि अकरा दिवस आमचा लॉग "झालं, झालं" म्हणत होता. दुसऱ्या टोकाला एकही फाइल नव्हती. ते कळलं तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले होते. त्या दिवसापासून मी घरची स्क्रिप्ट लिहिणं सोडलं. पीजीबॅकरेस्टसारखं साधन वापर. हजारो लोकांनी त्यातल्या चुका आधीच सोसल्या आहेत.

आणि पीजीबॅकरेस्ट वापरायचं दुसरं, त्याहून मोठं कारण आहे. सगळे तुला पीजी-बेसबॅकअप चालवायला सांगतील. चांगलं साधन आहे, लहान डेटाबेसला मी तेच वापरते. पण ते एकाच धाग्याने ओढतं, आणि सतराव्या तासाला कनेक्शन तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे चालू होत नाही. पुन्हा शून्यापासून. शिवाय ते थेट प्रायमरीवर चालवलंस तर वीस तास तुझ्या गिऱ्हाइकांची वाचनं आणि तुझी नक्कल एकाच डिस्कवर झुंजत राहतात. वेगाला मर्यादा घालता येते, आधीची एखादी स्टँडबाय असेल तर तिच्यावरून घेता येतं. पण मी सांगेन ते असं कर: पीजीबॅकरेस्टने आर्काइव्हमध्ये ठेवलेला ताजा बॅकअप नव्या मशीनवर रिस्टोर कर, अनेक धाग्यांनी. तुटला तर राहिलेल्या फायली तेवढ्या पुन्हा आणता येतात. मग रेप्लिका आर्काइव्हमधली कीर्द चढवत येईल आणि जवळ पोचली की आपोआप प्रायमरीशी स्ट्रीमिंगने जोडली जाईल. प्रायमरीला तू जवळजवळ हात लावला नाहीस. आणि रेप्लिका उभी राहिली याचा अर्थ तुमचा बॅकअप रिस्टोर होतो हेही सिद्ध झालं. फार कमी ठिकाणी लोक ते कधी करून बघतात.

बॅकअप ताजा मात्र हवा. रविवारचा बॅकअप बुधवारी रिस्टोर केलास तर तीन दिवसांची कीर्द चढवावी लागेल, जवळजवळ दीड टेराबाइट. वर सांगितलेलं हौदाचं गणित तिथे पुन्हा मांड.

लाइनच बारीक असेल तर? २०१२ साली आमची प्रायमरी पुण्यात होती आणि रेप्लिका नवी मुंबईत न्यायची होती. तीन टेराबाइट, मध्ये १०० मेगाबिटची लाइन. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, लाइन पूर्ण आपल्याला मिळाली तरी सलग पावणेतीन दिवस. आम्ही बेस बॅकअप कूटबद्ध करून दोन डिस्कवर घेतला, डिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या आणि भर पावसात द्रुतगती मार्गाने गाडीने नेल्या. भरायला साडेआठ तास, प्रवास साडेतीन, तिकडे उतरवायला पुन्हा साडेआठ. बारीक लाइन या सगळ्या वेळात मोकळी होती आणि तिच्यावरून आर्काइव्हच्या फायली तिकडे पोचत होत्या. तासाला पाच जीबी वॉल तिला सहज पेलवत होता. डिस्क पोचायच्या आत कीर्द पोचलेली होती. माझ्या सगळ्या कामांत मला ते काम अजूनही प्रिय आहे.

आता गिटलॅबची हकीकत ऐक. त्यांनी ती स्वतः जगापुढे मांडली, काही लपवलं नाही, त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. ३१ जानेवारी २०१७. त्यांच्या पोस्टग्रेसवर अचानक भार वाढला आणि स्टँडबाय मागे पडली. इतकी मागे की तिला हव्या असलेल्या वॉलच्या फायली प्रायमरीवरून गेलेल्या होत्या. आर्काइव्ह चालू नव्हता. म्हणजे रेप्लिका पहिल्यापासून उभी करणं आलं. पीजी-बेसबॅकअप चालवला तर तो काही न बोलता नुसता थांबून राही. अभियंता दमलेला, रात्र झालेली. त्याला वाटलं स्टँडबायवरची जुनी डेटा डिरेक्टरी आडवी येते आहे, म्हणून त्याने ती पुसायची कमांड दिली. ती कमांड प्रायमरीच्या खिडकीत गेली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप चुकीच्या आवृत्तीच्या साधनाने चालत होता, म्हणून तो होतच नव्हता. तो होत नाही असं सांगणारी ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हती. शेवटी कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामाला आला. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

यातलं तुझ्या कामाचं काय ते बघ. पीजी-बेसबॅकअप सुरुवातीला गप्प असतो, कारण तो प्रायमरीवरच्या चेकपॉइंटची वाट बघतो आणि तो चेकपॉइंट मुद्दाम सावकाश चालतो. कित्येक मिनिटं काही दिसत नाही. अडकला असं समजून हात घालू नकोस. प्रायमरीच्या खिडकीला लाल रंग आणि प्रॉम्प्टमध्ये यंत्राचं पूर्ण नाव ठेव. डेटा डिरेक्टरी कधीही पुसू नकोस, तिचं नाव बदल. रेप्लिका आठवडाभर नीट चालली की मग पूस. जागा नसेल तर जागा मागून घे. पुसण्याची कमांड देण्याआधी यंत्राचं नाव मोठ्याने म्हण आणि शेजारी दुसरं माणूस बसलेलं असू दे. आमचे जुने साहेब तर वहीशिवाय कीबोर्डला हात लावू देत नसत. वेळ, यंत्र, कमांड, एलएसएन, आणि बिघडलं तर परत कसं फिरायचं ते, सगळं आधी वहीत. मी तीच सवय लावून घेतली. वीस तासांच्या कामात तू मध्ये झोपणार आहेस. उठल्यावर आपण कुठे आहोत हे वही सांगते.

झोपणार आहेस म्हणजे कमांड सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये चालव, लॅपटॉपच्या खिडकीत नाही. घरची वीज गेली, वायफाय गेलं, तरी काम तिकडे चालू राहिलं पाहिजे.

एक गोष्ट अशी सांगते जी कळायला आम्हाला चार महिने लागले. नवं मशीन आलं की लोक त्यावर नवी लिनक्स घालतात. प्रायमरी जुन्या लिनक्सवर आणि रेप्लिका नव्यावर असली तरी रेप्लिका चालते, एकही तक्रार करत नाही. पण अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या जी-लिब-सीकडून घेतो, आणि ऑगस्ट २०१८ च्या २.२८ या आवृत्तीत तो क्रम बदलला. मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले, शोधणारा नव्या क्रमाने शोधतो. आमच्या एका ग्राहकाकडे नाव घालून शोधलं तर माणूस सापडत नव्हता आणि पूर्ण टेबल चाळलं तर तिथेच बसलेला होता. उद्या अशी रेप्लिका प्रायमरी झाली तर एकमेव असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा घातली जाते आणि कुणी अडवत नाही. तपासणी सोपी आहे: दोन्ही यंत्रांवर "१-१" आणि "११" या दोन ओळी, इंग्रजी आकड्यांत, सॉर्टला दे. जुन्यावर "११" आधी येतं, नव्यावर "१-१" आधी. उत्तरं वेगळी आली तर काम तिथेच थांबव. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती दोन्हीकडे एकच लागते हे तर तुला माहीत आहेच.

काही बारीक गोष्टी. पीजी-एचबीए फायलीत डेटाबेसच्या जागी "ऑल" लिहिलं तरी रेप्लिकेशनला परवानगी मिळत नाही, "रेप्लिकेशन" असा शब्द वेगळा लिहावा लागतो. मॅक्स-कनेक्शन्स आणि तिच्या बरोबरच्या सेटिंगा स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी ठेवल्यास तर ती वाचनासाठी उघडणारच नाही. आवृत्ती १२ पासून स्टँडबाय-सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवावी लागते. ती ठेवायची राहिली तर तुझी रेप्लिका स्वतःला प्रायमरी समजून उघडते, स्वतःच्या नोंदी लिहायला लागते आणि वीस तासांचं काम हातचं जातं. आणि बॅकअप-लेबल ही फाइल, तिला कधीच काढू नकोस. ती कीर्द कुठून चढवायला सुरुवात करायची ते सांगते. काही लोक "ही काढली की सर्व्हर सुरू होतो" असा सल्ला देतात. सर्व्हर सुरू होतो हे खरं, आणि आतला डेटा कुणालाही न कळता नासलेला असतो. असा सल्ला देणाऱ्याच्या हातात मी माझा डेटाबेस देणार नाही.

रेप्लिका जोडली गेली, स्ट्रीमिंग दिसलं, की सगळे टाळ्या वाजवतील. तू तेव्हा खरी कामाला लाग. मागे किती आहे ते सेकंदांत मोजू नकोस, बाइटमध्ये मोज. प्रायमरीवर रात्री कुणी काहीच लिहीत नसेल तर शेवटच्या व्यवहाराची वेळ जुनी दिसते आणि रेप्लिका दोन तास मागे आहे असं खोटंच वाटतं. उलट मोठ्या बॅचच्या वेळी सेकंद कमी दिसतात आणि जीबी साठत असतात. पीजी-स्टॅट-रेप्लिकेशनमध्ये पाठवलं किती, डिस्कवर लिहिलं किती, चढवलं किती हे वेगवेगळं दिसतं. पाठवलेलं मागे असेल तर लाइन बघ, चढवलेलं मागे असेल तर डिस्क बघ किंवा कुणाची तरी लांबलचक क्वेरी.

ती क्वेरी बहुतेक वेळा रिपोर्टवाल्यांची असते. रेप्लिका दिसली की सगळे आपले रिपोर्ट तिच्यावर टाकतात. प्रायमरीने जुन्या ओळी साफ केल्याची नोंद कीर्दीतून आली आणि रिपोर्ट त्याच ओळी वाचत असला, तर स्टँडबाय मूळ सेटिंगप्रमाणे तीस सेकंद थांबते आणि रिपोर्ट मारते. मुदत वाढवली तर रेप्लिका मागे पडते. हॉट-स्टँडबाय-फीडबॅक चालू केला तर प्रायमरी त्या जुन्या ओळी साफच करत नाही आणि तिची टेबलं फुगत जातात. तिसरा उपाय नाही. म्हणून संकटासाठी ठेवलेली रेप्लिका आणि रिपोर्टची रेप्लिका वेगळ्या ठेव. पैसे एकीचेच मंजूर झाले तर रिपोर्टवाल्यांना नाही म्हणायला शीक.

मग पडताळणी. काही तास रेप्लिकेवर वॉल चढवणं थांबव आणि पूर्ण डंप काढून तो कुठेही न साठवता फेकून दे. त्यात प्रत्येक टेबलाची प्रत्येक ओळ वाचली जाते. नासकं पान असेल तर तिथे अडखळेल. डंप इंडेक्स तपासत नाही, त्यासाठी ॲमचेक चालव. यात आणखी एक-दोन दिवस जातील. ते मागून घे, आधीच योजनेत लिही. न तपासलेल्या रेप्लिकेला मी रेप्लिका म्हणत नाही.

आणि तिला एकदा खरोखर प्रायमरी करून बघा, सगळ्यांनी मिळून, ठरवून, रविवारी पहाटे. मशीनने आपोआप बदल करावा की माणसाने, यावर तुमच्याकडे वाद होईल. त्या वेळी गिटहबचं २१ ऑक्टोबर २०१८ चं प्रकरण समोर ठेव. त्यांचं मायएसक्यूएल होतं, पण गोष्ट तीच. नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात यंत्रणेने आपोआप अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या रेप्लिकेला मुख्य केलं, आणि पहिल्या किनाऱ्यावर काही सेकंदांच्या नोंदी अशा राहिल्या ज्या तिकडे पोचल्याच नव्हत्या. दोन खतावण्या झाल्या, दोन्हीत वेगळ्या नोंदी. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. एकाच इमारतीत आपोआप बदल मला मान्य आहे. दोन शहरांमध्ये मी माणूस ठेवते.

शेवटचं, आणि हे तुझ्या मॅनेजरनाही सांग. रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही. कुणी प्रायमरीवर चुकून टेबल उडवलं तर ती नोंदही कीर्दीत जाते आणि पुढच्याच क्षणी रेप्लिकेवरचं टेबलही उडतं. जागा आणि पैसा मिळाला तर आणखी एक स्टँडबाय मुद्दाम सहा तास मागे ठेव; ९.४ पासून तशी सोय आहे. नाहीतर आर्काइव्हमधला बॅकअप हाच आधार, आणि तो तू आत्ताच रिस्टोर करून बघितलेला असशील.

शनिवारी सकाळी सुरू करणार आहेस ना? शुक्रवारी संध्याकाळी वही घेऊन फोन कर. तीन आकडे वाचून दाखव: प्रत उतरायला किती तास, तेवढ्या वेळात किती कीर्द, आणि बरोबरी व्हायला किती वेळ. नव्या यंत्रावरच्या सॉर्टचं उत्तरही सांग. मी जागी आहे, रात्री कितीही वाजले तरी.